स्टार फेरी: मोऱ्याच्या लाँचवालीचा शेरा

कुठल्याही बोटीत मी आधी दोर बघते. धक्क्याला लागताना खलाशी दोर कसा टाकतो, पहिल्या फेकीत खुंटाला अडकतो की तीनदा पाण्यात पडतो, यावरून त्या बोटीचा तांडेल कसा असेल आणि मालक कसा, ते बरंचसं कळतं. ही सवय मोऱ्याची. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला आणि तिथून बॅलार्ड इस्टेटला, असं मी सव्वीस वर्षं लाँचने कामाला गेले. कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात कागद भरायचं काम. ‘पोर्ट ऑफ लोडिंग’च्या रकान्यात हाँगकाँग हे नाव मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप त्या अक्षरांवर जायची. तिथून निघालेले कंटेनर उतरायचे कुठे, तर आमच्याच तालुक्यात, न्हावा-शेव्याला. माल कायम तिकडून इकडे. मी मात्र इकडून तिकडे कधी गेले नव्हते.

रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातले थोडे बाजूला काढले. २०२५च्या दसऱ्याचं सोनं वाटलं आणि दुसऱ्या रात्री धाकट्या जावेला घेऊन विमानात बसले. दोघींचे नवरे घरीच. “बोटीत बसायला एवढं लांब?” असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी डोंगर, देऊळ, बुद्धाची मूर्ती असलं काय काय सांगितलं. बोटीत बसायलाच गेले होते, हे आता कबूल करते.

तर हा शेरा स्टार फेरीवर, म्हणजे कोवलून आणि हाँगकाँग बेट यांच्यामधल्या हार्बरातून माणसांची ने-आण करणाऱ्या बोटींवर. बाकीचं हाँगकाँग वाटेत येईल तेवढंच.

कागदांचं आधी सांगते, कारण जन्म त्यातच गेला. भारतीय पासपोर्टवर तिथे चौदा दिवसांपर्यंत राहायला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०१७च्या जानेवारीपासून हा नियम आहे. पैसे पडत नाहीत. पासपोर्टवर आहे तस्संच नाव भरायचं, चिठ्ठी छापून घ्यायची, तिच्यावर सही करायची आणि पासपोर्टात घालून ठेवायची. एका टूरवाल्याने एवढ्याशा कामाचे माणशी दीड हजार सांगितले. मी म्हटलं, बाबा रे, बिल ऑफ एंट्री भरता भरता केस पांढरे झाले माझे. वर ‘हार्बर क्रूझ’ म्हणून आणखी अडीच हजारांचं पॅकेज गळ्यात मारत होता. तेच पाणी, तेच दिवे मी किती पैशांत पाहिले ते पुढे सांगते.

विमानतळावरून ए२१ नंबरची दुमजली बस थेट कोवलूनच्या नेथन रोडला आणून सोडते. सामानाला खाली मांडणी आहे. वर जाऊन पुढच्या काचेशी बसलं की पूल, खाडी, कंटेनरचे ढीग आणि क्रेनांच्या रांगा दिसतात. जावेला इमारतींचं कौतुक, मी क्रेन मोजत होते. न्हावा-शेव्याला पाठवलेला माल इथूनच उचलायचे तर!

हॉटेलचं नाव घेत नाही. ‘हार्बर व्ह्यू’चे जास्तीचे पैसे भरले होते. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीचे एसी, त्यांच्या खाली ठिबकणारं पाणी, आणि दोन इमारतींच्या फटीतून पोस्टाच्या तिकिटाएवढं काहीतरी निळसर. काउंटरवरच्या मुलाने ते तिकीट बोटाने दाखवून सांगितलं, तोच हार्बर. खोली अशी की एक सुटकेस उघडली की दुसरीने बाथरूममध्ये जायचं नाही. भांडून उपयोग नव्हता. पाच मिनिटांवर खरा हार्बर होता.

पोचलो त्याच दिवशी दुपारी लॉबीतल्या टीव्हीवर उलट्या टी अक्षरासारखी खूण आणि शेजारी ३ आकडा झळकायला लागला. लोकांची हालचाल बदलली नाही, पण फुलवाल्याने कुंड्या आत घेतल्या. जाऊ म्हणाली, “वैनी, तीन नंबरचा बावटा लागला वाटतं गो.” अगदी बरोबर. चिनी नको, इंग्रजी नको, बाईला बरोबर कळलं. आपल्याकडे बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होड्या धक्क्याला येतात आणि घरातल्या बायका आकाशाकडे बघायला लागतात. त्यांच्याकडेही तीन म्हणजे जोराचा वारा, सांभाळून राहा. त्यानंतर एकदम आठ. आठ लागला की ऑफिसं, शाळा, बस, फेरी सगळं बंद.

मोऱ्याला तीनचा बावटा असताना लाँच सुटेल की नाही हे दोन-तीन वेळा फोन करून विचारावं लागतं. इथे आम्ही छत्री सांभाळत कोवलूनकडच्या त्सिम-शा-त्सुईच्या धक्क्यावर गेलो, तर बोटी चालू. वारा होता, पाण्यावर पांढरे फेस होते, आणि तरीही ठरल्यासारखी एक बोट येत होती, एक जात होती.

आता दोर.

बोट धक्क्याजवळ आली. हिरवं अंग, वरचा भाग पांढरा, मधे धुराडं. वेग कमी झाला, तरी वाऱ्याने ती बाजूला सरकत होती. निळा झगा आणि मोठी कॉलर, असा शाळेच्या नाटकातला वाटावा तसा नाविकाचा पोशाख घातलेला एक म्हातारा कठड्याशी उभा. धक्क्यावर दुसरा, त्याच्या हातात लांब काठी, टोकाला लोखंडी आकडा. बोटीवरच्याने दोराचं वेटोळं सोडलं, धक्क्यावरच्याने ते आकड्याने अलगद हवेतच झेललं आणि खुंटावर चढवलं. ओरडणं नाही, “अरे खेच, खेच” नाही. दोर ताणला, लाकडं कण्हली, बोट एक उसासा टाकून टेकली. मग फळी खाली आली, धाडकन. त्या धाडकन आवाजाने माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण मोऱ्यालाही तसाच आवाज येतो. वाऱ्यात, तीन नंबरला, पहिल्या फेकीत. माझ्याकडून दहापैकी दहा.

दुसरी बघण्याची गोष्ट बाकं. लाकडी आहेत, हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली, आणि भोकाभोकांनी त्यांच्यावर चांदणीची नक्षी. गंमत अशी की पाठ सरकते. ही बोट कधी वळतच नाही. दोन्हीकडे नाक, दोन्हीकडे सुकाणू. जाताना जे तोंड ते येताना शेपूट. म्हणून आत शिरणारा माणूस उभ्या उभ्याच बाकाची पाठ धरतो, खट्‌ करून पलीकडे लोटतो आणि बसतो. पुढचा तसंच, त्याच्या पुढचा तसंच. पूर्ण बोटभर खट्‌ खट्‌ खट्‌. जावेने पहिल्यांदा ती जोरात ओढली आणि मागच्या माणसाच्या गुडघ्याला लावली. त्याने हसून हात हलवला. त्यानंतर चार दिवस ती आत शिरली की आधी खट्‌ करायची आणि माझ्याकडे बघायची.

वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्या, खालच्या मजल्यावर इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास. खालचं तिकीट स्वस्त. मला खालचाच मजला जास्त आवडला, पाणी हाताशी येतं आणि दोरवाले जवळून दिसतात. पण डिझेलचा वास हा माझ्यासाठी ऑफिसला वेळेत निघाल्याचा वास आहे, तेव्हा माझं ऐकू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याने वर बसावं. त्सिम-शा-त्सुईकडून बेटावरच्या सेंट्रलला संध्याकाळी जात असाल तर उजवी बाजू धरा, सूर्य तिकडे मावळतो. आठ-दहा मिनिटांत पलीकडे.

भाडं? आम्ही गेलो तेव्हा वरच्या मजल्याचं कामाच्या दिवशी पाच हाँगकाँग डॉलर, शनिवार-रविवारी साडेसहा. आपले साठ ते पंच्याहत्तर रुपये. त्या टूरवाल्याचे अडीच हजार आठवून पाहा. ऑक्टोपस नावाचं कार्ड घेतलं की फाटकावर टेकवायचं आणि आत. १९९७ पासूनचं हे कार्ड बस, ट्राम, मेट्रो, चहा, केळी, सगळ्याला चालतं. सुटे पैसे मोजायचे नाहीत, “पुढे सरका”वाला कंडक्टर नाही.

हे सगळं चालू केलं कोणी, ते कळल्यावर मी जावेला कोपराने ढोसलं. मुंबईचा पारशी माणूस. दोराबजी नवरोजी मिठाईवाला. तिकडे जाऊन बेकरी आणि हॉटेलांच्या धंद्यात पैसा केला, आणि वाफेच्या छोट्या बोटी घेऊन कोवलून ते हाँगकाँग बेट अशी ने-आण सुरू केली. १८८८ साली कंपनी काढली. त्याच्या बोटींची नावं ‘मॉर्निंग स्टार’, ‘इव्हनिंग स्टार’ अशी, म्हणून १८९८ साली धंदा दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर कंपनीचं नावच स्टार फेरी झालं. आजही प्रत्येक बोटीच्या नावात स्टार आहेच. म्हणजे आमचा धक्का भाऊ अजिंक्यांच्या नावाचा आणि त्यांची फेरी मिठाईवाल्याची. दोन्हीकडे सुरुवात करणारा माणूस मुंबईचाच निघाला.

एकदा हे लक्षात आलं की मुंबईवाले जिथे तिथे दिसायला लागतात. हॉटेलच्या मागचा रस्ता मोदी रोड. होरमसजी मोदी, हेही मुंबईहून गेलेले, हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीला पैसा देणारे. वॉन-चाईला रतनजी हॉस्पिटल. सेंट्रलला उतरलं की गोल गोल खिडक्यांची इमारत दिसते, जार्डीन हाउस, जार्डीन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या नावाची. त्या जार्डीनबरोबर अफूचा व्यापार करणारे आपले जमशेटजी जीजीभॉय. चीनला अफू पोचवायची, तिच्या पैशातून मुंबईत हॉस्पिटल आणि चित्रकलेची शाळा. माझी तिन्ही बाळंतपणं जे.जे.ला झाली. त्या इमारतीखाली उभं राहून हे आठवणं काही फार सुखाचं नव्हतं. १८४२ साली इंग्रजांनी हे बेट घेतलं ते त्याच अफूच्या लढाईत.

सेंट्रलचा धक्का मात्र जुना नाही. जुना २००६ साली पाडला, तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला होता. भराव घालून किनाराच पुढे सरकवला आणि नवा धक्का, सात नंबर, बाहेर आला. भराव म्हणजे काय हे उरणच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक भरावाला पाणी अरुंद होतं आणि चालणं वाढतं. आठ नंबरच्या धक्क्यात समुद्री म्युझियम आहे, तिथे चाच्यांच्या शरणागतीचं एक लांबलचक चित्र गुंडाळीवर काढलेलं आहे. इंग्रजांच्या दप्तरात आपले आंग्रेही चाचेच, त्यामुळे मी त्या चित्रातल्या दोन्ही बाजूंकडे जरा संशयानेच पाहिलं.

भाड्यावरून एक गोष्ट. फेरीने एकदा वरच्या वर्गाचं भाडं पाच सेंटनी वाढवायचं ठरवलं. १९६६च्या एप्रिलमध्ये एक तरुण मुलगा धक्क्यावर उपोषणाला बसला, त्याला पकडलं आणि कोवलूनमध्ये दंगल उसळली. पाच सेंट! पण मला त्यात नवल वाटलं नाही. दोन रुपये वाढले की मोऱ्याच्या लाँचमध्ये पंधरा दिवस दुसरा विषय नसायचा. रोज जाणाऱ्याला भाडं म्हणजे महिन्याचा हिशेब असतो.

मला बघायचं होतं ते हे की पूल झाल्यावर बोटीचं काय होतं. १९७२ला त्यांच्याकडे गाड्यांचा बोगदा झाला, १९८०ला पाण्याखालून मेट्रो. आमच्याकडे २०२४च्या १२ जानेवारीला अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी. तेव्हापासून लाँचमध्ये सकाळच्या वेळीसुद्धा बसायला जागा मिळते, जी मला सव्वीस वर्षांत कधी सहज मिळाली नाही. लोकांना दोष नाही. ओहोटीला मोऱ्याचा गाळ उघडा पडतो, लाँच बाहेर थांबते, ऑफिसला लाल शेरा. लोकल ओहोटीला थांबत नाही.

म्हणून सोमवारी मुद्दाम सकाळी आठला खालच्या मजल्यावर जाऊन बसले, पर्यटक उठायच्या आधी. बोगदा होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि बोटीत बॅगवाले होते. एक मुलगी ओल्या केसांनी, हातात कागदी पिशवीत पाव. एक काका पेपर घडी करून वाचत, बाहेर एकदाही न बघता. जगातले लोक ज्या इमारतींचे फोटो काढायला येतात त्यांच्याकडे पाठ करून तो शब्दकोडं सोडवत होता. त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं. मीही घारापुरीकडे सव्वीस वर्षांत किती वेळा बघितलं असेन?

बोट अजून का चालते याचं उत्तर मला त्या काकांत दिसलं. थोड्या थोड्या मिनिटांनी सुटते, सकाळी साडेसहा ते रात्री साडेअकरा, आणि भुयारातल्या मेट्रोपेक्षा स्वस्त पडते. गाळ नाही, फोन करून विचारणं नाही. तिला जुनी म्हणून जपून ठेवलेली नाही, ती वापरात आहे.

रविवारी सेंट्रलला उतरलात तर एक दृश्य दिसेल. छताखालच्या वाटांवर, बँकेच्या इमारतीखाली, पुठ्ठे अंथरून शेकडो बायका बसलेल्या. फिलिपिन्सच्या, इंडोनेशियाच्या, घरकाम करणाऱ्या, सुट्टीचा एकच दिवस. डबे उघडलेले, कोणी कोणाच्या केसांना तेल लावतेय, कोणी फोनवर मुलाला ओरडतेय. जाऊ म्हणाली, “आपल्या लाँचमधल्या मासळीवाल्या सुट्टीवर बसल्यासारख्या दिसतात.” एकीने आमच्याकडे बघून हात केला आणि पुठ्ठा सरकवला. आम्ही दहा मिनिटं बसलो. भाषा नव्हती, चकल्या होत्या.

मासळीचं आता सांगितलंच पाहिजे, नाहीतर उरणला तोंड दाखवता येणार नाही. वॉन-चाईकडच्या बाजारात मासा जिवंत विकतात. उभा चिरून ठेवलेल्या माशाचं काळीज अजून धडधडत असतं, ताजेपणाची हीच खूण. जावेने तोंड फिरवलं, मी वाकून बघितलं. आणि त्याच्या शेजारी बर्फावर कोण? बोंबील! तोच लिबलिबीत गुलाबी अंगाचा, जबडा उघडा. मला वाटलं होतं हा आपलाच. त्यांच्या भाषेत ‘काउ-थो-यू’, आणि तिथे तो चांगला खपतो.

बाजाराच्याच वरच्या मजल्यावर शिजवून देणाऱ्यांचे गाळे आहेत. प्लास्टिकची स्टुलं, ओली फरशी, धूर. चित्रावर बोट ठेवून बोंबील मागवले. आपण बोंबील दाबून पाणी काढतो, वर वरवंटा ठेवतो, मग तांदळाचं पीठ-रवा. ते पाणी काढत नाहीत. जाडसर पिठात बुडवून कडक तेलात सोडतात, आणि मग तळलेला लसूण, मिरचीचे तुकडे आणि मिरपूड-मीठ वरून उधळतात. बाहेरचं कवच कुर्रर्र करून फुटतं आणि आत बोंबील जवळजवळ पातळ, वाफाळता. जीभ भाजली. हळद नाही, आगळ नाही, तरी चांगला. मी दहापैकी आठ दिले असते. जाऊ म्हणाली, सहा, कारण पाणी काढलं नाही. तिच्यापुढे बोंबलाच्या बाबतीत कोणी बोलू नये.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका ठिकाणी, पाण्याकाठच्या मासळीच्या हॉटेलात, फसलो. नाव सांगत नाही. पाटीवरचा कोळंबीचा भाव स्वस्त वाटला. तो किलोचा नव्हता, कॅटीचा होता, आणि कॅटी म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. मी, जिने जन्मभर वजनाचे रकाने भरले, तिने एकक वाचलं नाही! शिवाय न मागता आलेले शेंगदाणे, चहा आणि ओला रुमाल, तिघांचेही पैसे बिलात. वर दहा टक्के सेवेचे. तिकडे ही रीतच आहे म्हणे. नको असेल तर बसताक्षणी ताटली परत करायची.

सोमवारी जावेचा सोमवार. मासे बंद. बाहेर शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीतही कालवांचा सॉस निघू शकतो, तेव्हा मेट्रोने डायमंड हिलला गेलो. तिथे ची-लिन नावाचा भिक्षुणींचा मठ आहे, लाकडी, खिळ्यांशिवाय जोडलेला. शेजारच्या नान-लिअन बागेत धबधब्याच्या आडोशाला शाकाहारी हॉटेल. बौद्ध पद्धतीचं, म्हणजे कांदा-लसूणही नाही. अळंबीचे चार प्रकार, कमळाचं मूळ, टोफू. जावेने बोटं चाटली आणि विचारलं, चातुर्मासात इथेच येऊन राहिलं तर?

सकाळचा चहा मात्र रोज साध्या चहावाल्याकडे. त्यांच्या ‘छा-छान-थेंग’मध्ये शिरलं की इराण्याकडे आल्यासारखं वाटतं: काचेखालचा मेन्यू, घाई, मालकाचं तिरसट तोंड, एका टेबलाला चार अनोळखी माणसं. चहा कापडाच्या लांब पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळलेला, आटवलेल्या डब्याच्या दुधाचा, असा कडक की चमचा उभा राहावा. त्याच्याबरोबर गरम ‘अननस पाव’, ज्यात अननस नाही, फक्त वरची साल तशी भेगाळलेली, आणि पोटात थंडगार लोण्याचा जाड तुकडा. बनमस्का, दुसरं काय. “म्गॉय” एवढा एकच शब्द जावेने शिकला, कृपया आणि आभार दोन्हीला चालतो. चौथ्या दिवशी त्या तिरसट मालकाने तिला न मागता दुसरा पाव आणून दिला. पैसे लावले, ते वेगळं.

व्हिक्टोरिया शिखरावर गेलो, तिथे चढणाऱ्या ट्रामची रांग बघून धक्क्यावरून सुटणाऱ्या १५ नंबरच्या बसने. ढग होते. खाली शहरातल्या डिंग-डिंग ट्राममध्ये बसलो, मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे. छान.

६ ऑक्टोबरला आपली कोजागरी आणि त्यांचा मध्य-शरदाचा सण एकाच रात्री होता. दुकानांत मूनकेकचे डबे रचलेले. मी एक घेतला, पेढ्यासारखा दिसला म्हणून. कापला तर आत कमळबियांचा गोड गोळा, आणि त्याच्याही आत बदकाच्या अंड्याचा खारा बलक, चंद्र म्हणून. जावेचा सोमवार! तो पूर्ण मलाच खावा लागला.

घरून मसाला आणला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणलं, हॉटेलच्या किटलीत गरम केलं (किटलीला वास राहिला असणार, पण हार्बर व्ह्यूचे पैसे आम्ही जास्तच दिले होते), थर्मासात भरलं आणि जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली जाऊन बसलो. १९१५ सालचा हा मनोरा. त्याच्यामागचं रेल्वे स्टेशन १९७८ला गेलं, तो राहिला. मुलांच्या हातात दिवे लावलेले कंदील, सशाचे, माशांचे. आठ वाजता पलीकडच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ झाला, सगळ्यांनी फोन वर केले. मला तो दिवाळीत सोसायटीने भाड्याने आणलेल्या लेझरसारखा वाटला. नंतर गर्दी पांगली, ढग जरा फाकले आणि चंद्र इमारतींच्या मधून वर आला. दूध वाटून घेतलं.

अकरा वाजून गेले तेव्हा आम्ही धक्क्याजवळ होतो. खालच्या मजल्याचं फाटक उघडं होतं. आता गेलो तर परत यायला बोट मिळायची नाही, हे मी जावेला सांगितलं. तिने कार्ड टेकवलं आणि आत जाऊन खट्‌ केलं.

पलीकडे उतरेपर्यंत शेवटची बोट सुटायच्या बेतात होती, ती आम्ही जाऊ दिली. दोरवाल्याने वेटोळं खुंटावरून काढलं, आमच्याकडे बघून मान हलवली. मग मेट्रोने परत आलो. दोन स्टेशनं, पाच-सहा मिनिटं, बसायला जागा, थंडगार एसी. काचेबाहेर काळोख.